अदपाव

"ओढ, पण झटका देऊ नकोस. तिला कळ येईल तेव्हाच ओढायचं," एमालिया म्हणाली.

केहाऊ चिखलात फतकल मारून बसली होती. दोन्ही पाय कालवडीच्या मांड्यांना टेकवलेले, हातात दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला वासराचे पुढचे दोन खूर. डोंगरावरून उतरलेलं धुकं बारीक सरींनी आडवं येऊन तोंडावर आपटत होतं.

"टुटू, फार मोठं आहे गं हे," केहाऊ आजीला म्हणाली.

"असणारच. हिच्यासाठी मी लहान हाडाचा वळू बघून ठेवला होता. तेवढ्यात शेजारच्या नाकोआचा तो दांडगेश्वर कुंपण मोडून आला. त्याची मजा झाली, भोगतेय ही. हं, आता! ओढ!"

वासरू आधी अडलं, मग एकदम सुटलं आणि केहाऊच्या मांडीवरच येऊन पडलं. ते हलेना. एमालियाने गवताची एक काडी उचलून त्याच्या नाकपुडीत फिरवली. वासरू शिंकलं. कालवड धडपडत उठली, वळली आणि कुणीतरी चोरून ठेवलेली आपली वस्तू सापडावी तशी त्याला चाटू लागली.

एमालिया पिकअपच्या मागच्या फळक्यावर जाऊन बसली आणि तिने छातीवर हात ठेवला. केहाऊने ते पाहिलं.

"गोळी घेतलीस का सकाळी?"

"घेतली."

"खोटं."

"मग विचारतेस कशाला?"

केहाऊ हात गवताला पुसत आजीशेजारी येऊन बसली. पंचविशीची पोर, केस बापासारखे पिंगट, गालांची हाडं मात्र एमालियाच्या बापाची. थोडा वेळ दोघी गाय-वासराकडे बघत राहिल्या. मग एमालिया म्हणाली, "तो केआवेचा थोरला मुलगा कसा वाटतो तुला?"

"कसा म्हणजे?"

"बाप पूर्ण हवाईयन, आई पूर्ण हवाईयन. चर्चमध्ये गातो. पाठ सरळ आहे, दातही चांगले आहेत."

"दात?" केहाऊने मान वळवून आजीकडे पाहिलं. "टुटू, मला नवरा हवाय. वळू नव्हे."

एमालियाला असं हसू आलं की तिला श्वास पुरेना. केहाऊही हसली. पण बोलणं काही नुसतं थट्टेचं नव्हतं.

हे कुरण एमालियाच्या बापाला सरकारकडून मिळालं होतं. जमीन हवाईयनांसाठी राखलेली, दीर्घ मुदतीच्या कराराने दिलेली. अट एकच, रक्ताची. जमीन ज्याच्या नावावर करायची त्याच्या अंगात निम्मं रक्त हवाईयन हवं. मुलांनातवंडांना वारसाने घ्यायची तर पाव तरी हवंच. एमालियाचा बाप पूर्ण हवाईयन, आई जपानच्या ओकिनावा बेटांवरून आलेल्या लोकांतली, म्हणून एमालिया निम्मी. तिने लग्न केलं पोर्तुगीज माणसाशी, म्हणून तिची एकुलती मुलगी माइले पाव. माइलेने ओहायोहून आलेल्या दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं. तो पुढे परत निघून गेला ते वेगळं, पण त्याची मुलगी केहाऊ अदपाव राहिली. माइले होती तोवर काळजी नव्हती, वारस म्हणून तिचंच नाव लागलेलं होतं. ती कर्करोगाने गेली. केहाऊ हिलोचं कॉलेज सोडून आईच्या सेवेला आली होती, ती आई गेल्यावर परत गेलीच नाही. गुरांत रमली, किंवा आजीला एकटं टाकवेना. कदाचित दोन्ही.

आणि आता डॉक्टरने एमालियाला सांगितलं होतं की हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. उद्या तिचं काही झालं असतं तर कुरण सरकारी खात्याकडे परत गेलं असतं आणि रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या कुणा अनोळखी माणसाला मिळालं असतं. त्या माणसाचाही त्यात काही दोष नव्हता. पण केहाऊला गुरं घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागलं असतं.

"नातजावयाच्या नावावर करता येते, मी ऑफिसात विचारलंय," एमालिया म्हणाली.

"आणि त्याने मला सोडलं तर? जमीन त्याची, मी हकालपट्टीची. आईचं काय झालं ते पाहिलंय मी."

वासरू उभं राहायच्या खटपटीत तिसऱ्यांदा पडलं.

"अंकल काविकांना का नाही विचारत?" केहाऊने विचारलं.

या घरात एमालियाच्या भावाचं नाव सहसा कुणी घेत नसे.

एमालियाचे आजोबा मोठ्या रँचवर गुराखी होते. त्या काळी गुरं होनोलुलूला बोटीने जात. काठावर धक्का नव्हता. पहाटे कळप किनाऱ्यावर हाकायचा, एकेक बैल दोराने पकडून घोड्यासकट लाटांत शिरायचं आणि पोहत पोहत त्याला होडीपर्यंत न्यायचं. होडीच्या दोन्ही कडांना बैलांची शिंगं बांधत. मग मोठ्या जहाजाचा पट्टा पोटाखालून घालून बैल आकाशात उचलला जाई, चारही पाय हवेत मारत. आजोबा सांगायचे, सगळ्यांत दांडगा बैलसुद्धा वर गेला की लहान पोरासारखा रडायचा. सारा जन्म त्यांनी हे काम केलं. गुरं दुसऱ्याची, घोडा दुसऱ्याचा, राहतं घरही रँचचं. स्वतःचं म्हणाल तर फक्त खोगीर.

म्हणून सोलोमोनाला, एमालियाच्या बापाला, जेव्हा हे कुरण मिळालं तेव्हा आजोबा घोड्यावरून हद्दीभोवती एक फेरी मारून आले आणि उतरून म्हणाले, "इथे तर नुसते दगड आहेत. पण आपले दगड आहेत." सोलोमोनाने त्या दगडांच्या भिंती घातल्या. उसाच्या मळ्यातल्या चाळीतून त्याने उतोला लग्न करून आणलं. तिच्या बापाने नातू होईपर्यंत त्यांना दार उघडलं नाही. उतो डुकरं पाळायची, भात शिजवायची, नवऱ्याला अळूच्या कंदांची पोई लागते म्हणून तीही करायला शिकली आणि गायींशी आपल्या भाषेत बोलायची. गायींना ती भाषा कळते असं घरात सगळे मानत. गुरांवर डाग होता तो सोलोमोनाच्या एस आणि उतोच्या यू या अक्षरांना जोडून केलेला. त्यांना दोन मुलं. आधी काविका, मग एमालिया.

दोराचा फासा टाकण्यात काविका बापाचाही बाप होता. धावत्या घोड्यावरून वासराचा मागचा पाय धरायचा. पण खाली किनाऱ्यावर हॉटेलं उभी राहिली, गोल्फची मैदानं आली, आणि दर पंधरवड्याला पगार देणारी नोकरी कुरणातल्या कुठल्याही पोराला खुणावणारच. काविका मैदानाचं गवत राखायला लागला.

मग तो दुष्काळ आला. त्याच वर्षी घोडा अंगावर पडून सोलोमोनाच्या कमरेचं हाड मोडलं. एमालियाचं नुकतंच लग्न झालेलं. ती आणि तिचा नवरा जोआकिम उसन्या टाकीतून पाणी आणत, गुरं टाकीभोवती एकमेकांच्या अंगावर चढत. ज्या गायी उठू शकत नव्हत्या त्यांना एमालियाने स्वतः गोळी घातली. जोआकिमला ते करवायचं नाही म्हणून. सोलोमोना खिडकीशी पडून प्रत्येक आवाज ऐकायचा आणि संध्याकाळी फक्त विचारायचा, "आज कोण?" ती त्याला गायीचं नाव सांगायची. खाली किनाऱ्यावर काविका रात्रंदिवस फवारे लावून असं गवत हिरवं ठेवत होता जे कुठलीच गाय कधी खाणार नव्हती.

पाऊस झाला. सोलोमोना काठीवर उठला आणि त्याने वारस म्हणून एमालियाचं नाव घातलं.

काविका भर अंगणात ओरडला होता. "मी थोरला! मी मुलगा! आणि हिला?" मग बहिणीकडे वळून म्हणाला, "तू पोर्तुगीजाशी लग्न केलंस, एमा. तुझी पोर पाव. तिची पोर अदपाव. तिथे संपली जमीन. माझी बायको पूर्ण हवाईयन आहे. माझ्या घरात ही पिढ्यान्‌पिढ्या टिकली असती. मोजून बघ!"

सोलोमोना पायरीवरून म्हणाला, "रक्त सरकारने मोजावं. गुरं कुणी सांभाळली तेवढंच मला कळतं."

काविका गाडीत बसला आणि गेला. त्यानंतर बापाच्या मयतीला आला, आईच्या मयतीला आला, जोआकिमच्या आणि माइलेच्याही. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा, जेवण वाढायच्या आधी निघून जायचा. दुकानात समोरासमोर आले तर दोघं भुवया उचलत, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात एमालिया एकटीच गाडी काढून खाली गेली. वर वाइमेआत, कुरणाच्या गावी, स्वेटर लागतो, आणि उतार संपला की खाली ऊन नुसतं भाजून काढतं. काविकाचं घर काटेरी झाडांच्या सावलीत होतं. तो बाहेर जाळीवर मासे वाळत घालत होता. पाठीला बाक आला होता, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले.

त्याने तिला पाहिलं. हातातला मासा जाळीवर नीट ठेवला, मग दुसरा उचलला.

"कोण मेलं?" त्याने विचारलं.

"अजून कुणी नाही."

"मग बस."

तिने वाळवलेल्या बीफचं पुडकं पुढे केलं. त्याने एक तुकडा तोडून चावला, बराच वेळ चावत राहिला.

"मीठ जास्त झालंय."

"आईच्या हिशोबाने घातलंय."

"आईचंही जास्तच व्हायचं." पण त्याने दुसरा तुकडा घेतला.

वाटेत तिने बोलणं जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरून गेली. "जमीन जाणार आहे, काविका. केहाऊला घेता येत नाही. तू म्हणाला होतास तसंच झालं."

"म्हणालो होतो."

"हो."

"भर अंगणात म्हणालो होतो."

"सगळ्यांनी ऐकलं. आनंद झाला असेल तर होऊ दे एकदाचा. मी बसलेय."

काविकाने हातावरची माशी झटकली. "माइलेच्या मयतीला मागे बसलो होतो तेव्हा माझ्या डोक्यात तेच आलं. ती पोर पेटीत पडलीय आणि मी बसून रक्त मोजतोय. उठून गेलो. जेवायला कसा थांबणार होतो?"

समुद्राकडून गरम वारा आला आणि जाळीवरचे मासे हलले.

"नोहेआच्या नावावर करायचं म्हणतेय मी," एमालिया म्हणाली. नोहेआ म्हणजे काविकाची मुलगी, नर्स होती. "तिचं रक्त पाऊण आहे, अडचण येणार नाही. नाव तिचं, गुरं केहाऊ बघेल. कागदावर असं काही लिहिता येत नाही. नुसत्या शब्दावर चालायचं."

"माझ्या शब्दावर?"

"दुसऱ्या कुणाचा आहे माझ्याकडे?"

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच. "त्या दुष्काळात गंजीच्या गंजी चारा आला होता. कुठून आला होता ते कधी विचारलंस?"

"बाबा म्हणाले, चर्चने पाठवला."

"चर्चने!" काविका खदखदून हसला. त्या हसण्यात मजा नव्हती. "माझा सगळा पगार जायचा त्यात. म्हाताऱ्याला मीच सांगितलं होतं, एमाला कळू देऊ नका, तिला वाटेल मी उपकार करतोय. आणि मग त्याच म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर म्हटलं, गुरं कुणी सांभाळली तेवढंच कळतं मला."

एमालिया उठून काहीतरी बोलणार, एवढ्यात त्याने हात वर केला.

"राहू दे. तुला माहीत नव्हतं. आणि गोळ्या घालायला काही मी आलो नव्हतो. त्या पोरीला फासा टाकता येतो का?"

"पुढच्या शनिवारी वासरांना डाग द्यायचेत. येऊन बघ."

"मी नाही येत. गुडघे गेलेत."

"बरं," ती म्हणाली आणि निघाली. तो पुन्हा माशांकडे वळला होता.

शनिवारी सकाळी शेजारपाजारचे सगळे आले. डाग द्यायचा दिवस म्हटला की बोलवावं लागत नाही. नाकोआही आला. त्याच्या वळूच्या पराक्रमावरून बायकांनी त्याला चांगलं सोललं. "नाकोआ, तुझ्या वळूला पोटगी द्यायला सांग!" एकीने म्हटलं, आणि तो बिचारा टोपी पुढे ओढून लाकडं पेटवायला गेला. कोंडवाड्यात वासरं हंबरत होती, बाहेरून त्यांच्या आया उत्तर देत होत्या. केहाऊ घोड्यावर होती. फासा डोक्यावर फिरवून सोडायची, वासराच्या मागच्या पायांत नेमका बसायचा, मग ते ओढत आगीजवळ आणायची.

एमालियाला सगळ्यांनी खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. त्यामुळे काविकाची गाडी आधी तिलाच दिसली. तो खाली उतरला, कुणाशी काही न बोलता कुंपणाच्या लाकडावर कोपर टेकून उभा राहिला. म्हाताऱ्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि ती कामाला लागली. हवाईत माणूस आला की आला, विचारायचं नसतं.

केहाऊचे दोन फासे बसले, तिसरा चुकला.

"मनगट!" काविका कुंपणापलीकडून ओरडला. "खांद्याने काय फेकतेस? कपडे वाळत घालतेस का?"

केहाऊने घोडा वळवला. "तुम्ही या ना आत, अंकल. दाखवा."

"गुडघे आहेत का माझ्याकडे?"

"फासा गुडघ्याने टाकतात का?"

बघणारे ओरडले, कुणीतरी शिट्टी वाजवली. काविकाने ओठ दाबले. मग वाकून दोन लाकडांच्या मधून, एकेक पाय हाताने उचलून, तो कोंडवाड्यात शिरला. केहाऊने घोड्यावरूनच दोर खाली दिला. त्याने तो हातात तोलला, दोनदा फिरवला, जमिनीवर उभ्या उभ्या सोडला. समोरून पळणाऱ्या वासराचे दोन्ही मागचे पाय पकडले गेले. दोराला झटका बसला तसा म्हातारा तोंडावर पडला, पण त्याने दोर सोडला नाही. चिखलातून घसपटत गेला तरी धरून राहिला. दोघातिघांनी धावत जाऊन वासरू दाबलं.

केहाऊ उडी टाकून खाली आली आणि तिने त्याला बसतं केलं.

"मनगट," तो धापा टाकत म्हणाला. "बघितलंस?"

"मी नाकच बघितलं. रक्त येतंय तुमच्या."

त्याने नाक पुसून बोटाकडे पाहिलं. "निम्मं हवाईयन आहे ते. वाया घालवू नकोस." आणि मग त्याला आणि तिला दोघांनाही हसू आवरेना. खुर्चीवरून एमालिया बघत होती. ते दोघं कशावर हसताहेत ते तिला ऐकू आलं नाही, पण भाऊ हसताना बापासारखा दिसतो हे ती विसरून गेली होती.

दुपारी जेवणं झाली. मटणासारखं शिजवलेलं बीफ, भात, पोई. काविका जेवायला थांबला. बशी मांडीवर घेऊन तो केहाऊशेजारी पिकअपच्या फळक्यावर बसला.

"तुझ्या बापाच्या गावाला गुरं असतात का?"

"असतील. माझा बाप तिथे दात उपटतो. माणसांचे."

"हं." त्याने भात कालवला. "हे बघ पोरी. उद्या नाव लागेल नोहेआचं. तिच्या नवऱ्याला वाटलं, जमीन आपली आहे, ही कोण? त्याने तुला जा म्हटलं तर?"

समोर डाग दिलेली वासरं आयांना चिकटून पीत होती.

"मग जाईन," ती म्हणाली. "काय करणार? पण तोपर्यंत कुंपण तर नीट राहील."

काविका बशीकडे बघत बसला. जेवण संपवलं, बशी धुवायला टाकली, आणि बहिणीच्या खुर्चीपाशी गेला.

"कागद माझ्या नावाचे कर. नोहेआच्या नाही."

एमालिया म्हणाली, "तू सत्तरी ओलांडलीस, काविका. परत दोन-चार वर्षांत तेच सगळं करावं लागणार."

"करू. नोहेआशी मी बोललोय, माझ्यानंतर ती घेईल आणि पोरीला हात लावणार नाही. ती माझ्यावर गेलेली नाही, आईवर गेलीय. पण आधी माझं." त्याचा आवाज खाली आला. "बाबांच्या जमिनीवर एकदा माझं नाव लागू दे, एमा. एकदा."

इतकी वर्षं राबून राखलेली जमीन, आणि याला नाव हवंय, अजूनही नाव! तोंडापर्यंत आलेला शब्द तिने गिळला. दुष्काळातल्या चाऱ्याच्या गंजी तिला आठवल्या. त्यांवर ती रात्री टेकून झोपायची, देवाचे आणि चर्चचे आभार मानत.

"बरं," ती म्हणाली.

ऑफिसात फार वेळ लागला नाही. मिसेस आकाना नावाची बाई खात्यात होती, सगळ्या वाइमेआची ओळखीची. तिने दोघांचे दाखले पाहिले, आजी-आजोबांची नावं विचारली, आईबापांची विचारली. सोलोमोना, उतो. दोन्ही नावं दोघांनी एकदमच सांगितली. मग बाईने कागद एमालियापुढे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाली, "आंटी, सही केलीत की तुमचा हक्क राहत नाही. समजलं ना? राहायचं असेल तर यांच्या मर्जीने."

"समजलं."

तिने सही केली. पेन खाली ठेवल्यावर तिला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. फक्त हात हलका लागला, घागर उतरवून ठेवल्यावर लागतो तसा, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. काविकाने सही करायला खूप वेळ लावला. एकेक अक्षर काढून पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

बाहेर आल्यावर त्याने कोपऱ्यावरच्या गाडीवरून साखर लावलेले गरम मालासादा, पोर्तुगीजांचे तळलेले गोड वडे, घेतले आणि कागदाची पिशवी बहिणीपुढे धरली.

"जोआकिमची आई याच्यापेक्षा चांगले करायची," तो म्हणाला. "तुझ्या लग्नात मी आठ खाल्ले होते. कुणाला सांगितलं नाही."

जोआकिमचं नाव त्याच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. आजवर तो नुसता 'पोर्तुगीज'च होता. तिने एक मालासादा घेतला. दोघं पायरीवर बसून खात राहिले, साखर मांडीवर सांडत राहिली.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. केहाऊने वरच्या बाजूची भिंत, जिथे दगड ढासळले होते, ती पुन्हा रचून घेतली. केआवेचा थोरला मुलगा दोनदा मदतीला आला आणि दोन्ही वेळा गुरांना इतका घाबरला की तो विषय तिथेच संपला. एमालिया गोळ्या घेत होती, किंवा घेतल्या म्हणत होती. चालायला काठी लागत होती. जमिनीच्या नोटिसा आता काविकाच्या पत्त्यावर जात. पोस्टमन एक दिवस म्हणाला, "आंटी, तुमचं काही येत नाही हल्ली." तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, तुझे पाय वाचले." पण त्या दिवशी तिने दुपारचं जेवण केलं नाही.

काविका शनिवारी यायचा. कधी मासे घेऊन, कधी नुसताच. केहाऊच्या फाशाला नावं ठेवायचा, वासरं बघायचा, संध्याकाळी जायचा.

असाच एका शनिवारी तो आला. केहाऊ वर गुरांत होती, खोऱ्यात धुकं भरलं होतं. एमालिया ओट्यावर बसून मटार सोलत होती. गाडीचा आवाज ऐकू आला, मग थांबला. फाटकाला कुलूप नव्हतं, नुसती साखळी अडकवलेली. कुणीही काढून आत यावं अशी. नाकोआ तर न विचारता येत असे.

काविका गाडीतून उतरला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. टोपी हातात घेतली. मग कुणाच्याही घरी गेल्यावर देतात तशी त्याने लांबून हाक दिली, "हुई!"

एमालियाने मटारची परात बाजूला ठेवली. काठी घेतली. वारा समोरून होता, त्यामुळे जायला वेळ लागला. तो तिकडे तसाच उभा होता, साखळीला हात न लावता. ती पोहोचली, साखळी काढली आणि फाटक आपल्या अंगाकडे ओढलं.

"ये," ती म्हणाली.